मुठीचा हिशेब चुकला

३ फेब्रुवारी १९५५
आज तोंडघशी पडले. सकीनाचा भाजलेला उजवा हात सुधारतोय, असं तीन आठवडे मीच तिच्या कागदावर लिहीत आले. रोज सकाळी माझं बोट तिच्या मुठीत द्यायचं आणि म्हणायचं, धर घट्ट. ती धरायची, हसायची. मी लिहायची : पकड उत्तम.
आज डॉक्टरांनी कागद वाचला, पोरीचा हात हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "सिस्टर, आता तिला बोट सोडायला सांगा."
सोडता येईना. बोटं तळव्याकडे ओढली गेलीत, नवी कातडी आखडत चाललीय. मूठ मिटते का ते बघत बसले, उघडते का ते एकदाही नाही. मुलांच्या वॉर्डात बारा वर्षं काढून ही अक्कल.

४ फेब्रु.
डॉ.नी दीड महिना दिलाय. तेवढ्यात पंजा सपाट झाला नाही, तर मुंबईला नेऊन कातडी कापून बोटं सोडवायची. ऐकून तिची आई, खतीजाबी, पोरीचा हात पदराखाली घेऊन बसली. मालगुंडकडची. नवरा बोटीवर खलाशी, ईदला येणार. ही विहिरीवर गेली तेवढ्यात पाच वर्षांच्या पोरीने पेजेचं मडकं ओढलं.
"तिचा बाप इचारील, पोरीचा उजवा हात कुटं हाय. काय सांगू त्याला?"
मग कळलं, रात्री ती सकीनाच्या मुठीत कापडाचा बोळा देते. बोळा असला की पोर झोपते. रागावणार होते. पण मी दिवसा वेगळं काय करत होते?

५ फेब्रु.
खोबरेल लावून बोटं सरळ करायला घेतली. सकीनाचं रडणं ऐकून शेजारच्या खाटांवरची पोरंही रडायला लागली. खतीजाबीने माझं मनगट धरलं. "सोडा बाई. माज्यान बगवत नाय."
सोडलं. सोडायला नको होतं.

५ फेब्रु., संध्याकाळी
भाकरीचं पीठ मळताना हात थांबला. आत्ये आठवली. इतक्या वर्षांत कशी आठवली नाही?
लांज्याजवळचं घर. मी सहा वर्षांची. काजूच्या बिया भाजताना तेल उडालं आणि उजवा हात भाजला. आई डोळ्यांना पदर लावून बसायची. आत्ये, बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायची. ती मला रोज सकाळी काठवटीपुढे बसवायची. तांदळाची कोमट उकड थापून पुढे ठेवायची. "यमे, पंजा दाखव." पंजा त्यावर दाबायचा, वरून ती आपला हात ठेवायची आणि हळूहळू भार द्यायची. मी तिला कैदाशीण म्हणायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. किती बोटं उमटली ते बघायची आणि तीच भाकरी तव्यावर टाकायची. दोन बोटांची, मग तीन बोटांची. ती वेडीवाकडी भाकरी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, स्वतः खायची. मला वाटायचं, चिडवायलाच खाते.
त्या सकाळचा वास अजून नाकात आहे. ओली माती, चुलीचा धूर, उकड. आत्ये गेली तेव्हा मी नर्सिंग शिकत होते, मुंबईत. हात छान झाला गं तुझ्यामुळे, हे सांगायचं राहून गेलं. आज फार वाईट वाटतंय.

७ फेब्रु.
डब्यातून उकड नेली. सकीनाने आधी नाक मुरडलं, मग डावा हात पुढे केला. लबाड. डाव्याची पाचही बोटं झोकात उमटली. "आता आजारी हाताची पाळी," म्हटलं. उजव्याचं एक बोट आणि अंगठ्याची कड.
रडली. पण मोजायला मिळालं म्हणून थांबली.

८ फेब्रु. एक.

१२ फेब्रु. एक आणि अर्धं. अर्धं मोजायचं की नाही यावर सकीनाशी भांडण. मी हरले.

१५ फेब्रु.
आज खतीजाबीला पुढे केलं. वरून हात तिने ठेवायचा. ठेवला, तोंड भिंतीकडे. भार देईना. तिला आत्येची हकिकत सांगितली, माझा उजवा हात दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी अजून चुरगळलेली कातडी आहे, मी ती कुणाला दाखवत नाही. तिने बराच वेळ बघितला.
"तुमची आत्ये रडत नव्हती काय?"
आठवेना. मग वाटलं, भाकरी खाताना खाली मान घालून बसायची खरी. तिचं तोंड मी कधी बघितलंच नाही.
शेवटी खतीजाबीने भार दिला. दोन बोटं.

२६ फेब्रु.
तीन. शेगडीवर भाजलेली ती भाकरी खतीजाबीनेच खाल्ली, मी सांगितलं नव्हतं. उद्या दोघी घरी जाणार. डॉ. म्हणाले, वीस मार्चला आणा, मग ठरवू. लाकडाची फळी, बांधायच्या पट्ट्या, तेल, सगळं दिलं. बोळा काढून घेतला. घरी दुसरा करणार नाही कशावरून?

२० मार्च
वाट पाहिली. आल्या नाहीत. घरी येताना भाट्याच्या वाटेवर काजू भाजल्याचा वास येत होता. नेहमी आवडतो, आज नको वाटला.

२३ मार्च
दुपारी मालगुंडकडच्या एक बाई फडक्यात बांधलेलं काहीतरी देऊन गेल्या. खतीजाबीला ताप आहे, म्हणून आणता आलं नाही. निरोप : "भाकरी बगा नि सांगा, ममईला जावाचं काय नको."
लहानशी भाकरी. अंगठा आणि तीन बोटं स्वच्छ. करंगळी नाही. हात उजवाच, डावा असता तर पाचही उमटली असती. फसवलेलं नाही पोरीने. कडेचा एक तुकडा मोडलेला, खतीजाबीने खाल्ला असणार.
डॉक्टर सोमवारी विचारतील. करंगळीच्या जागी दहा वेळा बोट फिरवून बघितलं. अगदी पुसट काहीतरी लागतंय. पण मागे तीन आठवडे मला पकडही उत्तमच वाटत होती.