शिंप्याच्या हातावरचा स्टार

बाबा,

दोनदा तुमच्या खोलीचं दार वाजवलं, तुम्ही उघडलं नाहीत. बालवाडीला उशीर होतोय, म्हणून लिहून ठेवतेय. चहा थर्मासमध्ये आहे, गोळी बशीत.

आजारपणानंतर आज पहिल्यांदा तुम्ही उजव्या हाताने शर्टाचं एक बटण लावलंत आणि मी तुमच्या हातावर स्टार चिकटवला. काय करू, सवयच लागलीय! तीन वर्षांच्या पोरांना रोज बटणं लावायला शिकवते, कुणाला जमलं की हात आपसूक स्टारच्या पाकिटाकडे जातो. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेल्या माणसाला स्टार! तुम्ही चिडलात ते बरोबरच.

पण खरी चूक त्याच्या पुढची. घड्याळ बघितलं, तुमचा हात बाजूला सारला आणि उरलेली बटणं मीच लावून टाकली. वर्गात एखादं पोर पाव तास एकाच बटणाशी झटत बसलं तरी मी मध्ये हात घालत नाही. घरी मात्र मला दोन मिनिटं धीर धरवला नाही.

टेबलावर पोरांसाठी शिवलेली बटणपट्टी ठेवलीय. काजं मी फार घट्ट केलीत, पोरं रडकुंडीला येतात. कुठलं किती मोठं करायचं, तेवढ्या खडूने खुणा करून ठेवाल? मला खरंच कळत नाही.

चारला येते. तोवर मी लावलेली बटणं काढून तुम्हीच पुन्हा लावून बघा. दार उघडायला याल तेव्हा बटणं वरखाली लागलेली असोत, नाहीतर सगळी उघडी असोत. मी बाहेर उभी असेन. हाताची घडी, तोंडावर बोट.