घोरणं थांबतं तेव्हा

७ जानेवारी
दुकानात बसल्या बसल्या पुन्हा डोळा लागला. जाग आली तर भैय्यालालभाऊ स्वतःच साखर मोजून घेताहेत! "झोपा वहिनी, झोपा. माप बराबर घेतलं." झालं! आता केशोरी गावभर चर्चा.

सासूबाईंचं ठरलेलं — "डोक्याच्या गोळीनं होऊन राहिलं हे. सोडून दे." ओमेश यावर काही बोलले नाहीत. नवरा म्हणून निदान हूं तरी करायचं!

८ जानेवारी
गोळी हातात घेऊन बराच वेळ बसले. सोडावीशी वाटते, खरंच. पण गोळीच्या आधीची चेतना, म्हणजे मीच, मला आठवते — विहिरीत टक लावून बघत उभी राहणारी. त्या बाईची मला भीती वाटते.
घेतली.

१२ जानेवारी
चहा पिता पिता ओमेश सहज बोलून गेले, "झोपेत तुहा दम अटकते. मी हालवतो, मंग चालू होते."

सहज! बायकोचा श्वास बंद पडतो हे यांनी बिस्किट बुडवता बुडवता सांगावं!

"काऊन नाही सांगितलं आतापर्यंत?"
"आधीच डोक्याचं औषध. आनखी भेव कायले देऊ?"

इतका राग आला. मग आत जाऊन रडले. रागाने नाही.

१९ जानेवारी
गोंदियाला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी आधी गोळीचंच सांगितलं — मनाने बंद करायची नाही, अजिबात. शुगरवाल्यांना, मनाची औषधं घेणाऱ्यांना हा त्रास जास्त दिसतो म्हणे. घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग. झोपेची तपासणी करायची आहे.

म्हणजे मी आळशी नाही! बसमध्ये हे जरा मोठ्यानेच बोलले. पुढच्या बाईने वळून पाहिलं.

२ फेब्रुवारी
तपासणीत तेच निघालं. झोपेत हवा देणारं मशीन आलं. नाकावर मास्क, त्याला लांब नळी. "घरात गनपती बसले," ओमेश म्हणाले. मी हसले आणि नळी सुटली.

६ फेब्रुवारी
सकाळी डोकं दुखलं नाही!!

११ फेब्रुवारी
दुकानात दिवसभर टक्क जागी. गोळी चालूच आहे.

१२ फेब्रुवारी
दुपारी सासूबाई मशीनजवळ येऊन बसल्या. "हे कायले?" समजावलं — घोरणं मध्येच थांबतं ना, तेव्हा श्वासच थांबलेला असतो.

बराच वेळ नळीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ओमेशचा बापबी असाच घोरे. मंधातच चूप होये. मी म्हनो, बरं झालं, आता शांत झोपला."

त्यांनी नळी हळूच खाली ठेवली.

"गेला त्या रातीबी मीनं तेच म्हटलं."