निकिताचे उपवास

॥ श्री ॥
तिसगाव, ता. ४ जानेवारी २०२५

ती. विजूआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कशाला, फोन बिघडला का, असं म्हणशील. फोन निकिताच्याच हातात असतो, आणि लेकीचं कौतुक तिच्यादेखत कसं करू? आक्का, सतरा वर्षांची पोर, पण दिवाळीपासून किती बदलली! आधी ताटावर बसली की माझ्याशी तंडायची, आता शब्दाला शब्द नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळं धरते. तेही कडक, शाबूसुद्धा तोंडात घालत नाही. पहाटे मी उठते तर ही आधीच देवापुढे बसलेली. कानातल्या रिंगा आणि दिवाळीचा ड्रेस शेजारच्या चांगुणाच्या पोरीला देऊन टाकला. गल्लीतल्या बाया म्हणतात, जयाच्या पोटी साध्वी आली. मीही नळावर सगळ्यांना सांगत असते. तू अजून चहा प्यायल्याशिवाय देवाला हात जोडत नाहीस, भाचीकडून शिक जरा.

दाजींना नमस्कार. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जया

अकोले, ता. ८ जानेवारी

चि. सौ. जयास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. आपण दोघी उपवासाला काय करायचो, आठव. खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, रोजच्या दुप्पट खायचो. उपवास असलेली पोर तो सोडायची वाट बघत असते. निकिता सोडते कधी, ते तू लिहिलंच नाहीस.

जया, मला ही भक्ती वाटत नाही. पोर जेवत नाही, झोपत नाही, भांडत नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकते. आमच्याकडे एका वस्तीवर असंच झालं. घरचे म्हणत राहिले, पोरगा शहाणा झाला. पुढचं माझ्याने लिहवत नाही.

तिला जवळ घेऊन सरळ विचार, जगणं नको वाटतं का. विचारल्याने पोरीच्या मनात भलतं भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीची औषधं आजच कुलपात घाल. तिला एकटी सोडू नकोस. नगरला मनाचे डॉक्टर आहेत, तिकडे घेऊन जा.

काल फोनवर तू बरंय बरंय म्हणून ठेवलास, म्हणून हे पत्र ह्यांच्या हाती पाठवते. तू वाचेपर्यंत ते चहालाही बसणार नाहीत, तसं बजावलंय.

रागावलीस तरी बहीण आहेस हे विसरू नकोस.

तुझी,
आक्का

तिसगाव, ता. ९ जानेवारी

आक्कास नमस्कार.

दाजी दारातच उभे राहिले, म्हणून वाचलं. संक्रांत तोंडावर आली आणि माझ्या देवभोळ्या लेकीबद्दल असलं अभद्र लिहितेस? मी तिची आई आहे. मला कळलं नसतं का? आणि गल्लीत कुणकुण लागली तर उद्या तिला स्थळ कोण आणेल? औषधं कुलपात घातली, तीही दाजी हलेनात म्हणून. विचारणार मात्र नाही. पत्र त्यांच्याच हाती देते.

जया

अकोले, ता. १० जानेवारी

चि. जयास आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून ह्यांना पुन्हा गाडीत बसवलंय. कंबर धरली म्हणून कुरकुरतायत, कुरकुरू देत.

जया, स्थळ यायला आधी पोर हवी ना गं. उद्या धारा आटपून मीही निघते. आज तिच्या अंथरुणावर झोप.

आक्का

तिसगाव, ता. २ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू आठ दिवस राहून गेलीस, घर सुनं वाटतं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्यात. हा आजारच आहे, वेळ लागेल म्हणतात. अजूनही ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी शेजारी बसते. कुणी हाक मारली तरी उठत नाही.

तू येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला विचारलं, आणि ती हो म्हणाली, एवढंच तुला सांगितलं होतं. पुढचं सांगायला तोंड उघडलं नाही. आधी तिला नुसता घास उतरत नव्हता, म्हणून गुरुवार आहे म्हणाली. मग मी नळावर सांगताना तिने ऐकलं. म्हणाली की, मी इतकी खूश तिला कधी दिसलेच नव्हते. तेवढंच सुख ती मला देऊ शकत होती, ते कसं मोडायचं, म्हणून ती उपाशी राहत गेली.

आक्का, मी लेकीचं मरण मिरवत होते गं.

आज दुपारी तिने अर्धी भाकरी खाल्ली. बाहेर कुणाला सांगितलं नाही. फक्त तुला लिहितेय.

दाजींच्या कंबरेला शेक दे. आम्हा दोघींवर जीव असू दे.

तुझी,
जया