पांढऱ्या पेशीचं बिस्किट

आई, आज मला तुझा इतका राग आलाय की कणीक मळून झाली तरी पोळ्या लाटायला हात उठत नाहीये. ओट्याशीच कागद घेऊन उभी आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्यापेक्षा माझेच केस जास्त पिकले, आणि आज दुपारी मला तुझी चोरी सापडली. हो, चोरीच म्हणते मी. लॅबमध्ये शिकाऊ मुलींचा तास चालू होता. मी त्यांच्याशी तुझाच खेळ खेळते, तुला ठाऊक नसेल. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि सांगायचं, चला, पांढरी पेशी शोधा, जिला आधी सापडेल तिला उस्मानिया बिस्किट. आज माझ्या हातून भलतीच काच ठेवली गेली, एका पेशंटची. पहिल्याच पोरीने डोळा लावला आणि ओरडली, "मॅडम, ढूंढना कायकू? यां तो भरे पडे हैं!" बाकीच्या हसल्या. "हौ, वो बीमार आदमी का खून है," असं सांगत मी काच काढून घेतली, तेव्हा आठवलं. अगं, त्या पोरीचं ते वाक्य माझं आहे. मराठीत म्हटलं होतं मी ते, तुझ्या वर्गात, आणि काच तुझ्या रक्ताची होती.

हैदराबादेतली तुझी ती नारायणगुड्याची मराठी शाळा. सगळे आपापली पोरं इंग्रजी शाळेत घालायला लागले होते, दरवर्षी एकेक बाक मागच्या व्हरांड्यात जाऊन पडायचा, आणि विज्ञानाच्या खोलीत एकच सूक्ष्मदर्शक, त्यालाही तू फ्लॅनेलचं झबलं शिवलेलं. मी नववीत आले आणि पहिल्यांदा तुझ्या हाताखाली आले. घरातून निघतानाच तू बजावलंस, शाळेच्या फाटकापासून मी 'बाई', आई नाही. एकदा चुकून आई म्हटलं तर अख्खा तास बाहेर उभी केलीस मला, आठवतंय? मी रडून रडून हैराण, आणि घरी आल्यावर तू विचारतेस, काय गं, भूक लागली का! तर रक्ताचा धडा आला. एड्सची भीती तेव्हा नवीन होती, म्हणून तू मुलांच्या बोटाला सुई लावायची नाहीस. दरवर्षी तुझंच बोट, तुझंच रक्त. काचेवर थेंब, दुसऱ्या काचेने तो सर्रकन ओढायचा, वर रंग टाकायचा, वाळवायचा. लाल पेशी ढिगाने दिसतात, त्यात जांभळ्या केंद्रकाची पांढरी पेशी सापडता सापडत नाही. त्यात तर खरी मजा होती. पोरं मान मोडेपर्यंत शोधायची.

माझी पाळी पहिली आली. मी डोळा लावते, आणि समोर सगळं जांभळंच जांभळं. लहान, मोठ्या, एकीला एक चिकटून. मी टाळ्या पिटते. "बाई, शोधायचं कशाला? इथे तर भरल्यात!" आनंदाने उड्या मारते, अख्ख्या वर्गाला सांगते की मी जिंकले. तू हसत येतेस, वाकतेस, डोळा लावतेस. आणि तिथेच राहतेस. बराच वेळ. काच सरकवतेस, पुन्हा बघतेस. मला वाटतं, आता माझं बिस्किट मारते ही. म्हणून मी तुझा पदर ओढते आणि म्हणते, "आई, सापडली ना गं?" सगळ्या वर्गाला वाटतं, आता ही बाहेर उभी राहणार. पण तू मला बाहेर काढलं नाहीस. कपाटातून बिस्किटांचा पुडा काढलास आणि अख्खाच्या अख्खा माझ्या हातात ठेवलास. मग काच पुसून टाकलीस, आपल्या पदराने, ज्या पदराला तू खडूसुद्धा लागू द्यायची नाहीस. "चला, आज कांदा बघू," एवढंच म्हणालीस.

आता तू म्हणशील, रोज रक्तच बघतेस की, मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? तेच तर! मी तो दिवस बिस्किटांच्या खात्यात टाकला होता. आईने लाड केले तो दिवस. लग्नात, बारशात, कुणी बालपण विचारलं की मी हीच गोष्ट सांगायचे आणि लोक हसायचे. तुझा आजार मी वेगळा ठेवला होता. तो मी इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, असताना निघाला, रक्ताचा कॅन्सर, डॉक्टर म्हणाले फार उशीर झाला, आणि पाऊस सरायच्या आत तू गेलीस. दवाखान्याच्या खाटेवर तू बाबांना सांगत होतीस, "मला तरी काय कळणार हो, मी साधी शाळेतली बाई." मी पायाशी बसून ऐकत होते. खोटारडी! झूऑलॉजी शिकलेली तू, रक्ताच्या काचा करण्यात हयात गेली, आणि तुला कळणार नाही?

मग आज दुपारपासून एकेक उलगडत चाललंय आणि माझ्या पायाखालची जमीन सरकतेय. त्या नववीच्या वर्षापासूनच तर तू मला स्वयंपाकघरात शिकवायला बसलीस. शाळेत शिकवतेस तेवढं पुरे की, मी कुरकुरायचे. गल्लीत सगळ्यांकडे केबल आली होती, मला तो टीव्ही बघायचा असायचा. आणि तू आमटीत मीठ टाकता टाकता विचारायचीस, सोडियम आणि क्लोरीन एकमेकांना का चिकटतात? एक देतो, एक घेतो, मी घोकलेलं म्हणायचे. मग देणारा मोकळा झाला की, म्हणून मी हात झटकले, तर तू डाव तसाच वर धरून म्हणालीस, "मोकळा कुठला होतोय? दिलं म्हणूनच तर चिकटून राहतो." गच्चीवर ओली चादर पिळताना एक टोक माझ्या हातात, एक तुझ्या, आणि तू म्हणायचीस, हा दुसरा बंध, इथे कुणी कुणाला देत नाही, दोघांनी मिळून धरायचं. तिथून पाण्याचे रेणू, तुपाचे, डाळीतल्या प्रथिनांचे, तिथून पेशीचं आवरण, आणि मग पेशी. प्रत्येक शब्द दोनदा, मराठीत आणि इंग्रजीत, कारण दहावीनंतर मला मराठीत कुणी विचारणार नव्हतं. काय घाई होती तुला! श्वास लागायचा, ओट्याला टेकून उभी राहायचीस, पण थांबायची नाहीस. एकदा मी जांभई दिली तर लाटणं आपटलंस. "लक्ष दे जरा! मी काय जन्माला पुरणार आहे का तुला?"

सगळ्यांच्या आया म्हणतात हे वाक्य. मीसुद्धा माझ्या लेकाला म्हणते, दिवसाआड. तू मात्र ते खरंखुरं म्हणत होतीस आणि मी तोंड वाकडं करून बसले होते. आज आठवलं तेव्हा लॅबच्या नळाखाली डोकं धरलं मी.

आणि ते काचेचं दार! चौकात ती तपासण्यांची नवी लॅब उघडली होती, एसीवाली. हैदराबादेत तेव्हा जिकडेतिकडे काचेची दारं आणि कम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. आपण भाजी घेऊन येत होतो. "तू थांब, उन्हाने घसा सुकलाय, जरा पाणी मागून येते," म्हणालीस आणि आत गेलीस. मी बाहेर, पिशवीतली गोंगुऱ्याची भाजी सुकून चाललेली, आणि तुझं पाणी काही पिऊन होईना. आलीस तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा दाबून धरला होतास. मी विचारलं, तर म्हणालीस, काही नाही गं, डास चावला. मग त्या दाराकडे वळून बघितलंस. "केवढं थंड आहे आत. तू अशा ठिकाणी काम कर." पुढे शेजारीपाजारी, मामा, सगळे मागे लागले, एमपीसी घे, गणिताच्या बाजूला जा, कम्प्युटर शीक, अमेरिकेला जाईल पोरगी, बायपीसी घेऊन काय बेडूक फाडणार? मी मात्र जीवशास्त्रच घेतलं, कारण आई त्या दारापाशी असं म्हणाली होती. माझा अख्खा जन्म त्या एका वाक्यावर उभा आहे, आई. आणि ते वाक्य बोलताना तू तुझ्या मरणाची खात्री करून घ्यायला रक्त देऊन बाहेर आली होतीस!

दहावीत मी विचारलं होतं तुला, या वर्षी नववीला रक्त नाही दाखवणार? तू कांद्याचा पापुद्रा सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कांदा बरा. कांदा कुणाची चुगली करत नाही." मला वाटलं, काय विनोद करते ही. मी मैत्रिणींनाही सांगितला तो.

का गं? का नाही सांगितलंस? मी आज वकिलासारखी तुझ्या बाजूने आणि तुझ्याविरुद्ध भांडतेय. तेव्हा या आजारावर धड काही नव्हतं, मलाही माहीत आहे. सांगितलं असतंस तर मुंबईला जाऊन महिनोन्महिने पडायचं, बाबांची नोकरी टांगणीला, माझी दहावी वाऱ्यावर, आणि तरी हमी कुणाची नाही. म्हणून तू ठरवलंस की उरलेत ते दिवस ओट्याशीच घालवायचे, मीठ आणि चादर घेऊन. पण साध्या गोळ्या तर होत्या ना? थोडं लांबवलं असतंस. तू गेल्यावर काही वर्षांतच नवीन गोळी आली, आई. रोज एक गिळायची, बस. ती खाऊन माझे पेशंट नातवंडं खेळवतात, मला मिठाई आणून देतात. तू तिथवर पोचली असतीस की नाही, मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. म्हणून तर जीव जळतोय.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी माझ्या बोटाला सुई टोचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्यांचं रक्त बघते, स्वतःचं कधी बघितलं नव्हतं. काच ओढली, रंगवली, डोळा लावला. सापडेचना गं पांढरी पेशी! मान अवघडली. किती वेळाने एक दिसली, एकटी, नीटस. इतका उशीर, म्हणजे तुझ्या नियमाने माझं बिस्किट हुकलं. मी टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले.

बाबा आता माझ्याकडेच असतात, अंबरपेठेत. फार थकलेत. तुझ्या श्राद्धाला दरवर्षी पान वाढून झालं की म्हणतात, ती जिन्यात थांबायची आणि मी म्हणायचो, चल लवकर, किती रेंगाळतेस. माझंच लक्ष नव्हतं. मी त्यांना म्हणते, कुणालाच कळलं नाही हो बाबा. आज ठरवूनच घरी आले की सांगायचं, तुमची काही चूक नाही, तिला सगळं ठाऊक होतं, तिनेच आपल्याला कळू दिलं नाही. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "डोळे का गं लाल?"

मी म्हटलं, "काही नाही, कांदा चिरत होते." बाहेरून आलेली, हातात पर्स, पायात चपला! ते "बरं" म्हणाले आणि आत जाऊन बसले. उद्या सांगते, असं मनाशी म्हणत मी कणीक मळायला घेतली. तूही रोज असंच म्हणत असशील. ते आतून विचारतायत, पोळ्या झाल्या का.