नाव लिहू नका

८ मार्च १९६५
पोचले एकदाची तंजावूरला! बेळगावहून दोन दिवसांचा प्रवास, पण स्टेशनवर वेंकूमावशी दिसली आणि शीण पळाला. राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर. तिची मराठी जुन्या वळणाची, मधेच तमिळ. आईही अशीच बोलायची. मावशीची सहा वर्षांची नात कनकलता मला लगेच चिकटली. माझा नर्सचा बिल्ला दिवसभर तिच्याच परकराला होता. उद्यापासून काम. पापनाशमच्या वाटेवरच्या भाताच्या गोदामात ब्रह्मदेशातून हाकललेली दोनशे माणसं ठेवली आहेत. त्यांना कॉलऱ्याची लस टोचायची.

९ मार्च
दोनशे माणसांना एक विहीर. रंगूनला यांची दुकानं होती, घरं होती. इथे माणशी एक चटई. मुनियम्मा नावाची बाई खांद्यावर मूल घेऊन रांगेत होती. झोपलंय, उद्या टोचा, म्हणाली. तिच्या नवऱ्याला ताप होता म्हणून बंदरावर नाव लिहून घेऊन नेलं. कुठे, ते आजवर कळलेलं नाही.

११ मार्च
मूल आजही झोपलेलं. दुपट्यात मोगऱ्याचे गजरे खोचलेले. मी हसतच दुपटं बाजूला केलं.
थंडगार. ताठ.
मुनियम्मा कानाशी आली. “ओरडू नका अम्मा. नाव लिहू नका. नेतील.”
परवाच नीट पाहिलं असतं तर—

१२ मार्च
पोत्यांच्या थप्पीमागे अकरा आजारी. त्यांच्याच माणसांनी लपवलेले. मी नावं लिहिली, दवाखान्याची गाडी आली. बायका गाडीमागे धावत सुटल्या. घरी सगळं सांगताना मला रडू आवरेना. मावशी कनकाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

१४ मार्च
अकरातले चौघे दगावले. आज मुनियम्माही.
घरी कनका दिसली नाही. आत्तेकडे धाडलंय, मावशी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

१५ मार्च
खोटं. कोठीच्या खोलीत होती. डोळे खोल, बोटं सुरकुतलेली. कालपासून जुलाब—
मावशीने माझे पाय धरले. “नाव नको लिहू गे. नेतील पोरीला.”
हे माझ्याच तोंडून ऐकलेलं. आणि गोदामातून येऊन मी लुगडी धुते ती याच घरच्या विहिरीवर—
नाव लिहिलं.

१६ मार्च
दवाखाना. दर दहा मिनिटांनी नाडी लिहितेय. सलाईन संपलं, कुंभकोणमहून येतंय म्हणे. चमच्याने मीठपाणी घालतेय. ओठांतून बाहेर येतं.
मावशी दाराबाहेर. पोर बरी आहे म्हणून सांगितलं.
मनगटाला नाडी लागत नाही.
मानेशी— आहे. बारीक. आहे.
सलाईनची गाडी आली वाटतं. कनका, एवढा एक घोट. इकडे बघ, बाळा, माझ्याकडे—