काकांची बसायची जागा

॥ श्री ॥
दादर, मुंबई
७ जानेवारी १९९६

ती. स्व. शांताकाकूस,
केदारनाथचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. 'हसत हसत मसणात' हा सिनेमा इतका चालला की निर्माते आता दुसरा भाग काढणार आहेत, आणि लिहायचा पुन्हा मीच. पुन्हा आपलंच घर: दर सोमवारी शेतातल्या स्वतःच्या समाधीच्या खड्ड्यात बसून पेपर वाचणारे काका, शेजारच्या आपल्या खड्ड्यात कांदे ठेवणारी तू, आणि कुणाच्या मयताला जायच्या आधी घरी रडायचा सराव करणारी रुद्राणीआत्या.

यावेळी काकांना सुरुवातीलाच मारून भूत करा, असा निर्मात्यांचा हट्ट आहे. माझं मन धजत नाही. काकांना तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. घरच्यांना चव्हाट्यावर आणलं म्हणून रागावलेत का? खरं काय ते कळव.

आत्याला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा
केदार


केज
१९ जानेवारी १९९६

चि. केदारनाथ यास,
काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकांनी दिवाळीनंतर खड्डा बुजवला. वर मेथी पेरली. मला म्हणाले, मी गेलो की सरळ जाळून टाका. मी म्हटलं, कावून? तर उठून दुकानात गेले. अरे, दोन्ही खड्डे शेजारी शेजारी खणले ते कशासाठी? मी काय तिथं एकटीच बसू?

हसल्याचा राग न्हाई त्यांना. खड्डा बघायला लोक जीप करून येत, त्यांना हेच चहा पाजत. बीडला सिनेमा बघताना तर लई हसले. पण शेवटच्या स्वप्नात तू त्यांना मेलेलं दाखवून लांबलचक खड्ड्यात आडवं निजवलंस, तेव्हा उठून बाहेर गेले. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, हे तुला मी सांगावं का रे?

मेथी छान आलीय, पण माझ्या घशाखाली उतरत न्हाई. तब्येतीला जप.
तुझी काकू


दादर, मुंबई
२६ जानेवारी १९९६

ती. स्व. गुरुपादकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूचं पत्र वाचलं. मला तोंड दाखवायला जागा नाही.

बसलेला माणूस मेलेला वाटत नाही, असं दिग्दर्शक म्हणाले. मी तिथंच उभा होतो. अंबाजोगाईला कॉलेजात असताना तुमच्या खड्ड्याचं माप घ्यायला टेप मीच धरला होता, म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही. पहिलंच काम होतं, ते जाईल म्हणून घाबरलो आणि गप्प राहिलो. ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच आडवं केलं. तेव्हापासून तो प्रसंग मी एकदाही पाहिलेला नाही.

काल निर्मात्यांना सांगून आलो की काकांना बसवणार असाल तरच दुसरा भाग लिहीन. बहुतेक दुसरा लेखक बघतील. बघू देत. पण तुम्ही जागा सोडू नका, काकूला एकटं पाडू नका.

तोंडानं माफी मागायचा हक्क नाही, म्हणून पत्रानं मागतो.
तुमचा
केदार


केज
४ फेब्रुवारी १९९६

चि. केदारनाथ यास,
गुरुपादकाकाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. तू गप्प राहिलास हे वाईट केलेस. घरच्या पोरानेच आडवे केले, मग बसायची जागा ठेवून काय करायची, असे वाटले. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

दुसऱ्या भागाचे म्हणशील, तर मला मारायचे असेल तर खुशाल मार, भूतही कर. फक्त बसवून मार. निर्माते ऐकत नसतील तर त्यांना इकडे घेऊन ये, मी बसून दाखवतो.

मेथी उपटली. खड्डा परत खणायला घेतला आहे. गुडघे आता पहिल्यासारखे दुमडत नाहीत, म्हणून जरा रुंद लागेल. तुझ्या काकूला टेप धरायला सांगितला, पण ती मधेच रडते आणि माप चुकते. शिवरात्रीला ये. टेप तूच धर.

गुरुपाद