सांगितलेला वारा निम्मा धर

ताई,

आधी नमस्कार, मग बाकीचं, नाहीतर चिडशील. मी मजेत आहे.

आमच्या आचाऱ्याने घरी कळवलेलं वादळ त्याच्या बायकोकडून तुझ्यापर्यंत पोचलं म्हणे. त्यातलं निम्मं सोडून दे. बोटीवर खरा वारा कोणी सांगतच नाही. मोजायचं यंत्र माझ्यासमोरच असतं. ते तीस दाखवतं तेव्हा हा स्वयंपाकघरातून पन्नास म्हणून ओरडतो आणि बंदर येईपर्यंत त्याचे सत्तर करतो.

मुद्दाम थापा मारतो असंही नाही. जाताना वारा पाठीमागून होता, तेव्हा पडल्यासारखाच वाटायचा. परवा बोट घराकडे वळली आणि तोच वारा तोंडावर आला. यंत्र म्हणतं, तेवढाच आहे. मला मात्र दुप्पट वाटतो. झोप धड लागत नाही.

गच्चीवरची टाकी अजून गळते का? भाचीचा पुढचा दात आला का?

इथे मी सगळ्यांचं निम्मं धरतो. तुझं लहानपणापासून उलटं. तुझा पाय मोडला होता तेव्हाही तू ‘जरा मुरगळलाय’ म्हणाली होतीस.

गेल्या पत्रात लिहिलंस, ‘आईला जरा दम लागतो.’

हे ‘जरा’ मी किती धरू?

तुझा,
धाकटा